रोडमारच्या आईनं धरलेली मेणबत्ती

नांग क्रिसिंग जोड्या जुळवायची. पण लग्नाच्या नव्हे, ठोशांच्या. फिलिपिन्समधल्या जनरल सांतोसच्या बंदरापासून डोंगरातल्या गावांपर्यंत कुठेही संताची जत्रा असो आणि जत्रेत बॉक्सिंग असो, कुणाची जोड कुणाशी लावायची ते ही बाई ठरवायची. लहानथोर सगळे तिला नांग, म्हणजे ताई म्हणत, आणि तिनं मान हलवली की तालमींचे उस्तादसुद्धा गप्प बसत. तिची रीत साधी होती. चढत्या पोराला आधी एखादा जुना, दमलेला गडी द्यायचा, मग जरा कावेबाज, मग डावखुरा. पोरगं शिकत शिकत वर जातं, बिदागी वाढत जाते. दोन चढती पोरं मात्र एकमेकांवर कधी घालायची नाहीत. अशा झुंजीतून फार तर एकच वर जातो, आणि पुष्कळदा तोही जात नाही.

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घरात तेबान होता, तिचा नवरा. ऐन उमेदीत त्याचीही अशीच बरोबरीची जोड लागली होती, त्याच्याच तालमीतल्या जिवलग मित्राशी. दोघं शेवटच्या फेरीपर्यंत मागे हटले नाहीत. लोकांनी खुर्च्यांवर उभं राहून नोटा उधळल्या. मित्र त्याच आठवड्यात गेला, आणि तेबानचे हात तेव्हापासून जे थरथरायला लागले ते आजवर थांबले नाहीत. त्याच्या शर्टाची बटणं रोज क्रिसिंगच लावायची.

आणि तरीही, याच क्रिसिंगनं रोडमार आणि जोव्हन या दोन चढत्या पोरांची जोड लावली होती. लावली कसली, लावावी लागली. बॉस ओंग तांदळाचा मोठा व्यापारी, जत्रेतली बॉक्सिंग भरवायचा तोच.

"एक बंदरावरचा, एक बाजारातला," तो म्हणाला होता. "दोघंही अजून एकदासुद्धा हरलेले नाहीत. मैदान फुटेल, नांग! प्रत्येकी चाळीस हजार पेसो देतो."

"बॉस, थोडं दमानं घ्या. दोघं पिकू देत. उद्या मनिलात लढतील, तेव्हा याच्या दहापट मिळतील."

"तोवर मी राहतोय का बघ! माझा रक्तदाब काय आहे माहीत आहे का तुला? तुला जमत नसेल तर तसं सांग. जोड्या लावणारा दवावचा माणूस उद्याच्या गाडीनं येईल."

दवावच्या माणसानं ही जोड डोळे मिटून लावली असती. शिवाय पुढच्या सगळ्या जत्रा त्याच्याच घशात गेल्या असत्या, आणि इकडे तेबानची औषधं बंद. क्रिसिंगनं सही केली. पोरं तर हरखूनच गेली, तेवढी बिदागी दोघांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून बाईला अन्न गोड लागेना. आपण चूक करतोय हे कळत होतं, आणि थांबवायचं कसं ते कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर वजनं झाली. कुणाचं वजन जास्त भरलं तर झुंज मोडते, म्हणून क्रिसिंग काट्याकडे आशेनं बघत होती. पण कसचं काय! दोन्ही मेली पोरं काटेकोर उतरली, उपाशी राहून पोटं पाठीला लागलेली. आता फोटोसाठी नाकाला नाक भिडवून उभं राहायचं तेवढं उरलं होतं. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यात डोळे घातले. दोघंही हटणारे नव्हते. असे डोळे क्रिसिंगनं पूर्वी पाहिले होते, तेबानच्या त्या झुंजीआधी.

"अहो थांबा, थांबा जरा!" गर्दीतून आवाज आला. जोव्हनची बायको मायलीन कडेवर बाळ घेऊन पुढे घुसली. तिनं सरळ रोडमारचा हात उचलला आणि बाळाच्या कपाळाला लावला. "आशीर्वाद घे रे सोन्या. हा तुझा निनोंग!"

निनोंग म्हणजे धर्मबाप. वडीलधाऱ्याचा हात असा कपाळाला लावतात. रोडमार खुळ्यासारखा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"कुणाचा निनोंग? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गेल्या रविवारी बाप्तिस्मा नाही का झाला? बाळाला खोकला होता, सासूबाई म्हणाल्या, उरकून टाकू. तुम्ही दोघं आपापल्या तालमीत कोंडलेले, उस्ताद काही सोडेनात. मग तुझ्या वतीनं तुझ्या आईनं मेणबत्ती धरली. फादरनी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. अख्ख्या चर्चनं ऐकलं!"

मग सगळ्यांनी माना वळवून रोडमारच्या आईकडे पाहिलं. नांग ऑरेया, बंदरावर ट्यूना माशाचे जबडे भाजून विकणारी, आवाज असा की तीन गल्ल्यांपलीकडचं गिऱ्हाईक थांबावं. ती आत्ता मात्र पदराच्या टोकासारखा रुमाल चुरगळत गरीब गाय होऊन उभी होती.

"मला मेलीला काय ठाऊक!" ती म्हणाली. "पोरीनं म्हटलं धर, मी धरली. देवाच्या दारात नाही कसं म्हणायचं?"

आता बाळाचा बाप आणि बाळाचा धर्मबाप म्हणजे कुंपारे, सख्ख्या भावाहून जवळचे. कुंपारेवर हात उगारला तर गाबा लागतो. वरून शिक्षा येते, आणि ती बाळावर येते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. जोव्हननं बाळाकडे पाहिलं, बाळ नेमकं त्याच वेळी खोकलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुंपारे," तो रोडमारला म्हणाला, "मी नाही मारणार तुला."

"मी काय मारतोय का? येडा झालास?" रोडमारनं त्याला मिठी मारली. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटोही काढून घेतला.

क्रिसिंगचा जीव भांड्यात पडला. पण समोर बॉस ओंग लालबुंद होऊन उभा होता, त्यामुळे तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडली, "अरे देवा, काय हा घोटाळा! आता हो काय करायचं, बॉस?"

"काय करायचं म्हणजे? लढायचं! तिकिटं विकलीत मी!"

"बॉस," ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "अर्ध्या गावाचे निनोंग तुम्ही. तांदूळ न्यायला येतात ती हीच माणसं. उद्या ते बाळ नुसतं शिंकलं ना, तरी नाव तुमचं निघेल."

ओंगनं चोरून गळ्यातला क्रूस चाचपला. गाबाची भीती त्यालाही होतीच. मग क्रिसिंगनं तिची विद्या बाहेर काढली. शनिवारी मुख्य झुंजीच्या आधी लढायला रेनांते आणि विल्बर्ट अशी दोन मुरलेली माणसं होती, त्याच वजनाची, प्रत्येकी पंधरा हजारांवर ठरलेली. रेनांते दमलेला पण कावेबाज, तो जोव्हनला द्यायचा. विल्बर्ट डावखुरा, आणि रोडमारला डावखुरा अजून भेटलाच नव्हता.

"एका मोठ्या झुंजीच्या दोन झाल्या, बॉस. लोकांना आपली दोन्ही पोरं जिंकताना बघायला मिळतील. बिदागी तेवढीच राहू दे."

"तेवढीच? जोड मोडली आणि तरी मी चाळीस देऊ?"

"मग पस्तीस द्या. कापलेले पाच पाच त्या दोघांना. तुमच्या खिशातून एक पेसो जास्त जायचा नाही."

ओंगनं बोटांवर हिशेब केला, दोनदा केला, आणि सुतासारखा सरळ झाला. वीस हजार म्हटल्यावर विल्बर्टनं तर "कुणाशी?" एवढंही विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मैदान खरंच फुटलं. रोडमार डावखुऱ्यापुढे आधी जरा गडबडला, मग त्याला वाट सापडली. जोव्हनला रेनांतेनं इतके हुलकावण्यांचे धडे दिले की शेवटी जिंकूनसुद्धा पोरगं त्याला गुरू म्हणून नमस्कार करायला गेलं. दोघंही गुणांवर जिंकले. कुणी आडवं झालं नाही, कुणाला उचलून न्यावं लागलं नाही. लोक दोन्ही वेळा ओरडले, ओंग दोन्ही वेळा भाषण करायला रिंगणात चढला.

बाहेर ऑरेयाची शेगडी पेटली होती. क्रिसिंग तिच्यासमोर बाकावर बसली. कित्येक दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती. तिनं भाजलेला जबडा आणि भात पुढे ओढला आणि खाता खाता सहज म्हटलं, "ऑरेया, तुला नव्हतं ठाऊक म्हणतेस?"

"काय?"

"कुंपारे झाल्यावर लढता येत नाही ते."

ऑरेया पंख्यानं निखारे फुलवत राहिली. मग तिला हसू आवरेना.

"मायलीनच रडत आली होती माझ्याकडे," ती म्हणाली. "म्हणाली, नांग, काहीतरी करा. आता आम्ही काय करणार? पोरांनी नाही म्हटलं असतं तर जन्मभर भित्रे ठरले असते. तू नाही म्हटलं असतंस तर दवावचा आला असता. मग म्हटलं, देवालाच मध्ये घालू. त्याला कोण भित्रा म्हणतंय?"

"आणि बाळाचा खोकला?"

"खोकला खरा होता गं. तेवढं तरी खोटं कशाला बोलू?"

"मला का नाही सांगितलंस, बये? माझं काळीज किती दिवस हातात होतं!"

"सांगितलं असतं तर कपाळावर हात मारून घेताना तुझं हसू फुटलं असतं," ऑरेया म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. क्रिसिंगनं तिचा चिकट, धुरकट हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी ती तेबानच्या शर्टाची बटणं लावत होती. तिनं त्याला सगळी हकिगत सांगितली, मायलीन, बाळ, मेणबत्ती, ओंगचा क्रूस. तो मन लावून ऐकत होता. मधेच तिला थांबवून त्यानं विचारलं, "पण जिंकलं कोण?"

"दोघंही."

"असं कसं? एक तरी पडतोच."

"काल नाही पडला कुणी."

वरचं बटण राहिलं होतं म्हणून क्रिसिंगनं त्याची हनुवटी जराशी वर केली. तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "आमच्या आईला नाही सुचलं गं असलं काही?"

क्रिसिंग हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"नाही रे सुचलं," ती म्हणाली आणि शेवटचं बटण लावलं. मग त्याचा थरथरता हात आपल्या हातात घेऊन ती चर्चला निघाली.