नसलेली रांगोळी

शालूबाईंचा मोडलेला खुबा कधीच जुळून आला होता. फोटोत हाड भक्कम दिसत होतं, डॉक्टर खूश होते. खूश नव्हता तो एकटा पाय. गोठ्यात घसरून पडल्यापासून तो जमीन सोडायलाच तयार नव्हता. सपाट फरशीवर घासत घासत चालायचा आणि उंबरा आला की अडून बसायचा. मग त्यांचा लेक जयराज त्यांना दोन्ही हातांवर उचलून बाहेर ठेवायचा. ज्याला कडेवर घेऊन उसाला पाणी पाजलं, त्यानं आपल्याला असं उचलावं, तेही शेजारणींच्या देखत, म्हणजे शालूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या पायानं उंबरा ओलांडायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

भीती पायात नाही, मनात बसलीय, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना रहिमतपूरहून साताऱ्याला राजेश्वरी मॅडमकडे धाडलं. या मॅडम म्हणे चित्रं काढायला लावून भीती घालवतात. शालूबाईंना ते पटलं नव्हतं, पण बघायला काय जातंय?

मॅडमनी त्यांना खोलीच्या मधोमध स्टुलावर बसवलं आणि डोळ्यांवर व्हीआरचा जाडजूड चष्मा चढवला, हातात बटणाचा एक दांडा दिला. खोली गेली, जयराज गेला, उरला नुसता निळा अंधार. शालूबाई घाबरायचंच विसरल्या. हातातल्या दांड्याचं बटण दाबून हात फिरवला, तर हवेत पिवळ्याजर्द उजेडाची रेघ उमटली. बोट लावलं, बोटाला काही लागलं नाही. मान वाकडी करून मागून बघितलं, तर मागूनही ती होतीच. हे भलतंच होतं.

काय काढू, असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, मनाला येईल ते. मनाला दुसरं काय येणार? शालूबाईंनी वाकून ठिपके टाकायला सुरुवात केली. हात जमिनीला पोचेना, त्यामुळे रांगोळी वीतभर वर अधांतरीच राहिली. तरी हात थांबेना. त्या पडल्यापासून सून पूजा दारात छाप्याची रांगोळी उठवायची, आणि ते बघून त्यांची बोटं नुसती वळवळायची. कमळं झाली, कुयऱ्या झाल्या. स्टुलावर बसल्या बसल्या वळत त्यांनी वेल चहूबाजूंनी फिरवली आणि निघाली होती तिथंच आणून मिळवली.

वेळ संपली. मॅडमनी चष्मा उतरवला, आणि जयराज आईला न्यायला पुढं आला.

शालूबाई हलल्या नाहीत. समोर मोकळी फरशी आहे, हे त्यांना दिसत होतं. पण वेल कुठून कुठं गेलीय, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"रांगोळी हाय न्हवं मधी," त्या म्हणाल्या.

जयराजला हसू आलं. ती यंत्रातली, यंत्रातच राहिली, इथं काही नाही, असं त्यानं परोपरीनं सांगितलं आणि दाखवायला म्हणून तिथंच पाय टाकायला गेला.

"पाय मागं घे," शालूबाई कडाडल्या. "इतक्या जीवानं काढलीया म्या. तुडवतोस व्हय?"

जयराजचा पाय वरच्या वर राहिला. मॅडमनी त्याला गप्प राहायची खूण केली, शालूबाईंना कमरेला हात देऊन उभं केलं आणि कुठून जाऊ या, एवढंच विचारलं.

शालूबाईंनी नीट जागा हेरली. दोन कमळांच्या मधे वेल जरा खाली उतरली होती. काठ लागून पुसू नये म्हणून त्यांनी एका हातानं लुगडं वर धरलं. आधी धड पाय पलीकडं टाकला. मग तो अडेल पाय उचलला, वीतभर, वीतभराहूनही वर, आणि अलगद बाहेर ठेवला.

पहिल्यांदा त्यांनी मागं वळून बघितलं. रांगोळी कुठंच पुसली नव्हती. मग त्यांना जयराज दिसला. तो त्यांच्या पायाकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. तेव्हा कुठं शालूबाईंनीही खाली बघितलं.



"पूजाला फोन कर," त्या म्हणाल्या. "उंबऱ्यावर रांगोळी घालून ठेव म्हनावं. आन् आज मला उचलायचं न्हाई."

जयराज फोन करायला दाराकडं निघाला. जाताना कमळांना वळसा घालून गेला.