ड्रायरमागचा ऊन वारा

"आडवा नका करू! अरे, आडवा नका करू त्याला!"

सत्यजीत टेम्पोमागे धावत ओरडत होता. यंत्राबरोबर पुण्याहून आलेला हा इंजिनिअर अजून पुरत्या मिशाही न फुटलेला, चष्मा घामानं नाकावर घसरलेला. दोरखंड धरलेले गडी थबकले. कपाटाएवढं ते निळं धूड टेम्पोच्या फळीवर तिरपं अडकून राहिलं.

"का ओ साहेब, नवरदेव हाय काय? उभ्यानंच उतरवायचा तो?" पेंट शॉपमधला बुधाजी म्हणाला आणि सगळे हसले.

"याच्या पोटात गॅस आहे, तेल आहे. आडवा झाला की तेल नको तिथं जातं. तसाच चालू केलात तर आतलं काळीजच जळेल. उभा उतरवा, उभाच ठेवा, आणि उद्यापर्यंत बटणाला कोणी हात लावायचा नाही."

"म्हंजे बाळंतीन म्हना की! निजू द्या बिचारीला." बुधाजीनं मान वळवली. "काय रे काशिराम, तुज्या घरी पन हीच तऱ्हा होनार ना आता?"

काशिराम लाजून हसला. त्याच्या मालूचे दिवस भरत आले होते.

चौऱ्याण्णव सालचा वैशाख होता. पळस्पे फाट्याच्या अलीकडे, गोव्याच्या रस्त्याला लागून लोखंडी कपाटांचा तो कारखाना. काशिराम तिथं कॉम्प्रेसर चालवायचा. हवा दाबून ती नळातून पेंट शॉपला पाठवायची, तिथं बुधाजीच्या हातातली गन त्या हवेच्या जोरावर कपाटांवर रंग उडवायची. आठ महिने सगळं गोड चाले. पावसाळा लागला की हवेबरोबर पाणी यायचं आणि भट्टीतून निघालेल्या कपाटांच्या अंगावर फोडच फोड. "कपाटांना देवी आल्या," असं बुधाजी म्हणायचा. त्या देवींवर उतारा म्हणून हा ड्रायर आणला होता. दाबलेली हवा तो आपल्या पोटात गार करायचा, तिच्यातलं पाणी गाळून खाली सोडायचा आणि कोरडी हवा पुढे धाडायचा.

मॅनेजर अविनाश साहेबांनी काशिरामला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "हे बघ, एवढा एक पावसाळा विदाऊट कम्प्लेंट काढ. दिवाळीला तुला पर्मनंट करतो. शब्द आहे माझा."

शब्द मिळाला तसा काशिराम त्या यंत्राच्या पायाशी बसला. सत्यजीत सांगेल ते कानात तेल घालून ऐकू लागला. भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा. समोरून हा खोलीतली हवा घेणार, मागून गरम करून सोडणार, तेव्हा पुढं-मागं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. सकाळी आधी हा, मग कॉम्प्रेसर. बंद पडला तर लगेच चालू करायचा नाही, दम खाऊ द्यायचा. नळात हवा कोंडलेली असताना एकही नट ढिला करायचा नाही. आणि लाल दिवा लागला, की पहिलं काम पेंट शॉपला सांगायचं. गन बंद.

"लिहून देऊ?" सत्यजीतनं विचारलं.

"नको साहेब, गान्यात बसवतो."

आणि खरोखरच त्यानं ते बसवलं. त्याची आई जात्यावर जशी ओवी ओढायची, त्याच चालीत सकाळी बटण दाबताना तो पुटपुटायचा:

*आधी उठवा गारव्याला, मग जागवावा वारा*
*पाठ मोकळी गड्याची, तिथं नको गं पसारा*

घरी आल्यावर त्यानं मालूला सांगितलं, "दिवसाला बादलीभर पानी निगतं हवेतून."

"वाऱ्याला काय पिळतात तुमच्या कंपनीत?"

"पिळतात."

"आनि मंग वाळत कुठं घालतात?" मालू तोंडाला पदर लावून हसली. काशिरामलाही हसू फुटलं. त्याच्या बापाचा जन्म मिठागरात गेला होता. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, सूर्यानं ते पिऊन टाकायचं, मागं मीठ उरायचं. ते आगर भरावाखाली गेलं, बाप त्याच्या पाठोपाठ गेला, आणि पोराच्या हाती आता वारा सुकवायचं काम आलं होतं.

ज्येष्ठात मालूला मुलगी झाली. आधीची दोन आली तशी गेली होती. एक तर बारशालाही थांबलं नव्हतं. म्हणून हिचं नावच ठेवलं नाही. नाव ऐकलं की नेणाऱ्याला वाट सापडते, असं मालूच्या मनात. नुसतंच 'बाय' म्हणायचे.

बाय जन्मली आणि आभाळानं कंबर कसली. कर्नाळ्याचा डोंगर ढगात गेला तो बाहेर येईना. खाडीकाठचं घर, भिंतींना खालून ओल, वरून गळती. कौलातून थेंब पडे तिथं मालू टोप ठेवी, टोप भरला की दारात रिता करी, आणि अंगणातलं पाणी पुन्हा उंबऱ्याशी येऊन उभं राही. आषाढ लागता लागता बायची छाती वाजू लागली. घुर्र घुर्र, मातीच्या घागरीत पाणी ओततात तशी.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि म्हणाल्या, "हिला ओल चालायची नाही. अंगाखालचं कापड कायम कोरडं पाहिजे. आणि घरात धूर करू नका."

घरी आल्यावर मालू चुलीपुढं उकिडवी बसली. चुलीवर दोरी होती, दोरीवर लंगोट्या आणि दुपट्यांची रांग.

"धूर नको तर हे सुकवू कशावर?" ती म्हणाली. "आनि हे सुकलं नाय तर ओल जाईल कशी? सांगा ना. डाक्तरीन शिकल्याली हाय, तिला इचारायचं होतंत."

बाय खोकली. खोकताना तिची इवलीशी मूठ मिटायची, जणू कुणाचं तरी बोट घट्ट धरते आहे.

दुसऱ्या दिवशी कामावर जाईतो काशिराम चिंब भिजला. ड्रायर चालू केला, त्याच्या तबकडीवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आला, मग कॉम्प्रेसर जागा केला, आणि मागच्या नळाची गळती बघायला तो यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिरला. पाठीवर ऊन वारा आला. तो तसाच उभा राहिला. बायकोनं पाठ शेकावी तसा तो वारा. थोड्या वेळानं सदऱ्याला हात लावून बघितला तर सदरा कोरडा.

बायची कापडं त्या वाऱ्यावर सुकवावीत का, असं बुधाजीला त्यानं नुसतं विचारून पाहिलं. बुधाजी म्हणाला, "येडा का खुळा तू? आमची भट्टी हाय ना! टाक तिथं, पापडासारखं सुकल."

"तिथं थिनरचा वास. तिची छाती..." काशिराम अडखळला. "आनि चार लोकांच्या डोल्यांपुढं?"

बुधाजीनं मान डोलावली. त्याला सांगावं लागलं नाही. तान्ह्याचं कापड परक्याच्या नजरेला पडू द्यायचं नसतं, आणि दिवेलागणीनंतर घराबाहेर राहू द्यायचं नसतं. कॉम्प्रेसरच्या खोलीत दिवसभर काशिरामशिवाय कोणी फिरकायचं नाही.

मालूनं पिशवीत कापडं भरून दिली तेव्हा तिनंच विचारलं, "तुमी तर सांगत होतात, मागं काय ठेवायचं नाय त्याच्या?"

"ठेवायचं नाय. मी टांगनार हाय, लांब."

त्यानं भिंतीच्या खिळ्याला दोरी बांधली. यंत्रापासून दूर, अगदी भिंतीला चिकटून. पहिल्या दिवशी चारच लंगोट्या. तो दर घटकेला काटा बघत होता. काटा हलला नाही. संध्याकाळी घरी नेल्या तेव्हा मालूनं त्या गालाला लावल्या. "ऊन हायेत अजून," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी चूल विझवून ते झोपले.

आठवड्याभरात बायची घुरघुर उतरली. ती दूध ओढू लागली. एकदा तर झोपेत हसली. मालू तिला मांडीवर घेऊन हलक्या आवाजात गाऊ लागली:

*बाय माजी निजली गं, ऊन ऊन दुपट्यात*
*बाप वारा बांधून आनी, सांजच्याला पिशवीत*

पिशवी हळूहळू जड होत गेली. लंगोट्यांबरोबर दुपटी आली, दुपट्यांबरोबर टोपडी, मालूच्या ओल्या चोळ्या. भिंतीवर जागा पुरेना. काशिरामनं दुसरी दोरी बांधली, ती नळापासून खिळ्यापर्यंत. यंत्राच्या थोडी जवळ. एवढ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं नाही. काय होतं ते त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं बांधली.

श्रावणातल्या एका सकाळी मालूनं त्याच्या हातात गोधडी दिली. रात्री कौल सरकलं होतं आणि बायच्या अंगाखालची गोधडी भिजून शेवाळासारखी जड झाली होती.

"येवढी?" तो म्हणाला.

"एकच हाय. दुसरी कुठून आनू? रातीपासून परत वाजतेय ती. ऐका."

त्यानं ऐकलं. मग गोधडी पिळली, पिशवीत कोंबली.

त्या दिवशी पेंट शॉपमध्ये कुणा इस्पितळाची कपाटं लागली होती, पांढरी शुभ्र, ओळीनं उभी. काशिरामनं गोधडी दोरीवर पसरली. दोरी वाकली. त्यानं गाठ आवळून बघितली, धरेल असं वाटलं. इतक्यात बाहेरचं गटार तुंबलं आणि पाणी खोलीच्या दारातून आत शिरू लागलं. पाणी मोटरपर्यंत पोचलं तर सगळंच संपलं. तो फावडं घेऊन पावसात धावला. गटाराच्या तोंडाशी पालापाचोळा, चिंध्या, मेलेली घूस. कमरेएवढ्या पाण्यात वाकून तो ते उपसत राहिला. पाणी वाहतं झालं तेव्हा त्याला बरं वाटलं. आत आला.

लाल दिवा.

दोरी सुटली होती. गोधडी सरळ ड्रायरच्या पाठीवर जाऊन पडली होती. तो ऊन वारा बाहेर पडायला जागाच नव्हती. यंत्र आतल्या आत तापून कधीचं बंद झालं होतं. कॉम्प्रेसर मात्र धडधडत होता, ओली हवा तशीच पुढं ढकलत होता.

काशिरामनं गोधडी ओढून काढली. ती कोरडी झाली होती. कडकडीत.

घटकाभर दम खाऊ देऊन बटण दाबलं असतं, तर यंत्र चालू झालं असतं. गोधडी पिशवीत गेली असती. रंग बिघडला तर पावसावर गेला असता, बघणारं कोणी नव्हतं. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं आणि तरी त्याचे पाय पेंट शॉपकडं धावत सुटले. गोधडी काखेतच राहिली.

"गन बंद! बुधाजी, गन बंद कर! पानी हाय हवेत!"

बुधाजीनं बोट सोडलं. मागं भट्टीतून कपाटं बाहेर येत होती. पांढऱ्या दारांवर, कडांवर, कप्प्यांवर देवी आल्या होत्या. बुधाजीनं एका दारावरून पंजा फिरवला आणि खाली बघितलं. मग त्याची नजर काशिरामच्या काखेत गेली. तो पुढं सरकून अगदी हळू म्हणाला, "लाईट गेली होती म्हन. मी सांगतो हाय म्हनून. ती दे इकडं, लपवतो."

तेवढ्यात अविनाश साहेब आले. कपाटांकडं पाहून त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं?"

"लाईट..." बुधाजीनं सुरुवात केली.

"लाईट नव्हती गेली साहेब," काशिराम म्हणाला. "मी मागं टाकली होती. ही."

"काय आहे ते?"

"गोधडी."

"कुणाची?"

"पोरीची."

अविनाश साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याही घरी तान्हं होतं, साऱ्या कारखान्याला पेढे मिळाले होते. ते चिडले असते तर काशिरामला सोपं गेलं असतं.

"तुला सांगितलं होतं ना रे त्या इंजिनिअरनं," ते म्हणाले. "माझ्यासमोर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं साहेब."

"मग मी आता वर काय सांगू?"

साहेब पाठ फिरवून म्हणाले, "बुधाजी, दुपारनंतर तू बघ कॉम्प्रेसर. याला गेटवर कामाचा पास जमा करायला सांग."

जाण्याआधी काशिरामनं बुधाजीला सगळं दाखवलं. आधी हा, मग तो. बुधाजी ऐकत होता, त्याच्याकडं बघत नव्हता. काशिरामनं दोन्ही दोऱ्या सोडल्या, खिळा उपटला, उरलेली कापडं पिशवीत भरली. ड्रायर चालू झाला, काटा हिरव्यात आला. मागच्या बोळात ऊन वारा नुसताच भिंतीवर आदळू लागला.

दिवेलागणीच्या आत तो घरी पोचला. पिशवी छत्रीखाली आणि तो बाहेर, असा चालत. मालूनं गोधडी घेतली, गालाला लावली. काम गेल्याचं त्यानं सांगितलं. तिनं बायला गोधडीवर निजवलं आणि चुलीकडं गेली. काडी ओढली, विझवली. ओल्या लाकडांकडं बघत तशीच बसली.

चार-पाच दिवस पावसानं उघडीप दिली नाही. गोधडी पुन्हा भिजली. लंगोट्या दोरीवर लोंबकळत राहिल्या, पिळल्या तरी पाणी, न पिळल्या तरी पाणी. बाय रात्रंदिवस वाजत होती. काशिराम दिवसा करंजाड्याला, पनवेलला काम विचारून यायचा. पावसात कुणाला माणूस लागत नव्हता.

एका दुपारी मालू विहिरीवरून आली तर तो भिंतीला टेकून बसला होता, सदरा काढलेला. ओल्या लंगोट्या त्यानं छातीवर, पोटावर, खांद्यांवर एकेक करून पसरल्या होत्या, हातानं दाबून धरल्या होत्या. अंगावर काटा उभा होता. दात वाजू नयेत म्हणून ओठ मिटलेले.

"ओ, काय करताय हे? तापानं पडाल!"

"बोलू नको," तो म्हणाला. "एक सुकत आलीय."

मालू जवळ बसली. तिनं त्याच्या छातीवरच्या लंगोटीची कड चिमटीत धरून पाहिली, ती अजून ओलीच होती. मग बादलीतली दुसरी उचलली, दारात जाऊन घट्ट पिळली, पदर बाजूला सारून आपल्या पोटाशी धरली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकली.

पाळण्यात बाय खोकली. दोघंही हलली नाहीत. हललं की कापड गार पडतं.