पुठ्ठ्यातली कविता

लेकीकडे दुबईत राहणाऱ्या ओदील नावाच्या फ्रेंच आजी वडिलांचं पाककृतींचं जुनं पुस्तक घेऊन तिथल्या अल क्वोज भागात बाइंडिंगचं काम करणाऱ्या केरूकडे आल्या. वडील कवी होते, पुस्तकांचं दुकान चालवायचे. जर्मनांनी फ्रान्स घेतला तेव्हा बंदी आलेल्या कविता पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत लपवून ते गिऱ्हाइकांना द्यायचे. त्यातच पकडले गेले आणि परत आलेच नाहीत.

केरूने पुठ्ठा अलगद सोडवला, तर आत घडी केलेला कागद निघाला.

“मॅडम, हे बघा!”

आजींनी तो वाचला आणि डोळे पुसत हसल्या. “युद्धाचं काहीच नाही यात,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मला पहिला दात आला, त्यावर लिहिलंय!”

“वाचा ना मोठ्यानं.”

केरूला फ्रेंच ओ की ठो कळत नव्हतं, तरी मशीन बंद करून त्याने ती कविता तीनदा ऐकली.