चाळीस माणसांचं व्हेसल

मित्रांनो, ओहोटीच्या वेळी या किनाऱ्यावर आलात, तर खडकांच्या मधोमध एक भली मोठी बिडाची काहील तुम्हाला दिसेल. बुडाला लांबलचक भेग आणि आत दोन खेकडे. भेग माझी आहे. खेकडे आपल्या मनाने आलेत.

तुमच्याकडे उसाचा रस आटवायला जी काहील चुलाणावर चढवतात, तीच मी. इथे मला कावा म्हणतात. मध्यंतरी थोडा वेळ मला जहाज म्हणत होते, पण ती गोष्ट दुःखाची आहे. आधी सुखाची सांगून टाकते, ती लहान आहे.

माझा जन्म पानाय बेटावरच्या एका ओतशाळेत झाला. ओतकामाच्या म्हाताऱ्याने मला साच्यातून काढलं, बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "ही पोरगी टिकेल." मग मी डोंगरपायथ्याच्या एका गुऱ्हाळात गेले. खाली धडाडून जाळ, वर खदखदणारा रस. जिवाची काहिली होत असे, पण माझं नावच ते, तक्रार कुणाकडे करणार? गूळ मात्र असा उतरे, की कामासाठी आलेला माणूस बोट चाटत थांबून राही आणि कशासाठी आलो होतो तेच विसरून जाई.

पुढे साखर कारखाना आला आणि गुऱ्हाळ थंडावलं. मी परसात पडून राहिले. पावसाचं पाणी साचलं, त्यात बेडकांची पिल्लं झाली, उन्हाळ्यात एक डुकरीण दुपारची झोपायला येई. आणि एके दिवशी मला घासूनपुसून पुन्हा चुलाणावर चढवलं. पाणी भरलं, आल्याची पानं, लिंबं, जास्वंदीची फुलं टाकली, आणि मनिलाहून आलेले एक जाडे गृहस्थ चड्डीवर येऊन आत बसले. खाली जाळ पेटलेला. मी मनात म्हटलं, गूळ संपला म्हणून या लोकांवर ही वेळ आली! पण गृहस्थ काही शिजले नाहीत. बऱ्याच वेळाने लालबुंद होऊन उठले आणि म्हणाले, "फार बरं वाटलं." दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला आत बसवलं. पर्यटक म्हणतात ते हेच.

पर्यटकही संपले. नगरपालिकेने मला जत्रेच्या जेवणावळीसाठी आणलं आणि कचेरीच्या मागे, खिडकीखाली ठेवलं. सुखाची गोष्ट इथे संपली.

आता एक शब्द समजून घ्या, कारण सगळं त्याच्यापायी झालं. इंग्रजीत 'व्हेसल' म्हणजे जहाज. 'व्हेसल' म्हणजे भांडं. आणि ज्या नळीतून अंगात रक्त वाहतं, तिलाही 'व्हेसल'च. इंग्रजी बोलणाऱ्यांकडे शब्दांची एवढी टंचाई का, मला माहीत नाही. आमच्याकडच्या कचेऱ्यांमधून मात्र रेडिओवर इंग्रजीतच बोलायची पद्धत आहे. साधं बोललं तर काम होत नाही, असा समज आहे.

त्या वर्षी वादळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून रेडिओची खरखर ऐकू आली. समोरच्या सिबारिंग बेटाची प्रमुख, कापिताना प्रिमितिवा, बोलत होती. बेटावरची एकूण एक होडी फुटली होती. आणि बेटाचा नावाडी, तेर्यो, सकाळी उठला तेव्हा त्याचं उजवं अंग लुळं पडलेलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

रेडिओवर इथल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई आल्या. "तोंड वाकडं झालंय? मग व्हेसल गेलंय. ताबडतोब इकडे आणा."

"तेच तर सांगतेय, बाई! व्हेसल गेलंय!"

"हो, मीही तेच सांगतेय. व्हेसल गेलंय म्हणूनच आणायचं."

"अहो, व्हेसल गेल्यावर आणायचं कशातून?"

"कापिताना, मी त्याच्या डोक्यातल्या व्हेसलबद्दल बोलतेय."

"आणि मी किनाऱ्यावरच्या!"

मग डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "होडी मागवून घ्या. मदतीचे साहेब येतीलच. जितक्या लवकर आणाल, तितका तो तुमचा उरेल. उशीर करू नका." आणि त्या पळाल्या, कारण दवाखान्याचं छप्पर उडालं होतं आणि रोगी आत भिजत होते.

मग मदतीचे साहेब आले, सर अर्नुल्फो. रात्रभर जागे. सकाळपासून प्रत्येक बेटाने त्यांच्याकडे तांदूळ, ताडपत्री आणि भांडी मागितली होती.

"सर, व्हेसल पाठवा! आमचं होतं ते फुटलं."

"केवढं पाहिजे?"

"फुटलं ते चाळीस माणसांचं होतं. फार तातडीचं आहे, सर. बॅटरी संपत आलीये. व्हेसल—" आणि आवाज गेला.

साहेबांनी खिडकीतून कोठारवालीला हाक मारली. "देलिया, चाळीस माणसांचं व्हेसल आहे का आपल्याकडे?"

देलियाने माझ्याकडे पाहिलं. "आहे की! पन्नासांचं पण भागेल."

"छान. तांदळासकट पाठव. तातडीचं म्हणतेय बाई."

मी ओरडले. खरंच सांगते, जिवाच्या आकांताने ओरडले. पण भांड्याचा आवाज कुणी वाजवल्याशिवाय निघत नाही, आणि त्या दिवशी मला कुणी वाजवलं नाही. माझ्या चारही कानांत दोर ओवले, पोटात तांदळाची पोती टाकली, आणि हेलिकॉप्टरने मला उचललं. इतर काहिलींना हे सांगितलं तर त्या विश्वास ठेवणार नाहीत. खाली खवळलेलं पाणी, आणि मी आभाळात.

सिबारिंगवर माडच्या माड आडवे झाले होते, हेलिकॉप्टर टेकायला जागाच नव्हती. मला वाळूत सोडलं, दोर वर खेचले. खाली सगळं बेट हात हलवत होतं, "थांबा! माणूस आहे! माणूस न्या!" वरच्या माणसाला वाटलं, आनंद झालाय. त्यानेही हात हलवला आणि तो गेला.

मग सगळे माझ्याभोवती गोळा झाले. तेर्योची बायको साल्वा पुढे आली. लहानखुरी, पायात नवऱ्याच्या मोठ्या चपला. तिने माझ्या आत वाकून पाहिलं, जणू तळाशी कुठेतरी इंजिन असेल.

"काप," ती कापितानाला म्हणाली, "तू काय मागितलंस?"

"व्हेसल."

"आणि हे काय आहे?"

कापिताना थोराड बाई, सगळ्या बेटाला दरडावणारी. तिचा आवाज एवढासा झाला. "हे पण व्हेसलच आहे, साल्वा."

"मग तुझ्या इंग्रजीत माझ्या नवऱ्याला घालून शिजव!"

रेडिओ मेला होता. बांबूचा तराफा करून पाहिला, तर लाट त्याच्यावरून आरपार जाई. अर्धं अंग लुळं पडलेला माणूस त्यावर टिकायचा कसा? इकडे पोरं उपाशी. कापितानाने चूल मांडायला सांगितली.

"माणूस मरतोय आणि तुम्ही लापशी करताय?" साल्वा किंचाळली.

"एक मरतोय, नांग साल्वा," शेजारीण म्हणाली (इथे ताईला नांग म्हणतात, दादाला नोंग), "बाकीच्यांना भूक लागलीये."

साल्वाने तिला शिवी दिली आणि लाकडं आणायला गेली. कारण दुसरं काय करणार?

लापशी झाली. साल्वाने तेर्योला माडाच्या बुंध्याला टेकवून बसवलं आणि चमच्याने भरवू लागली. अर्धी लापशी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येत होती. आणि अचानक तेर्योने डावा हात उचलून माझ्याकडे दाखवलं. म्हणाला, "होडी."

सकाळपासूनचा पहिला शब्द! सगळे धावले. "काय म्हणालास, नोंग तेर्यो?"

"होडी."

"अरे, कावा आहे ती. लापशीची."

तेर्योने चमच्याकडे पाहिलं. "होडी." मग कापितानाकडे पाहिलं, अगदी ओळख पटल्यासारखं. "होडी."

कुणीतरी हसलं आणि लगेच रडायला लागलं. कापितानाने डोळे पुसले. "गेलं गं डोकं त्याचं. आता सगळंच होडी झालंय."

साल्वा मात्र हातातला चमचा निरखत उभी होती. "चमच्यात बसता येत नाही," ती म्हणाली. "आणि काप, तुझ्यावर बसलं तर तू बुडशील." मग माझ्याकडे वळली. "हिच्यात बसता येतं."

मित्रांनो, तेर्योला खरंच काही सुचलं होतं, की त्याच्याजवळ तो एकच शब्द उरला होता, हे मला आजही माहीत नाही. साल्वाने विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. उरलेली लापशी चाळीस जणांनी उभ्या उभ्या ओरपली. माझ्या कानांतून बांबू घालून दोन्ही अंगांना बांधले, इथल्या होड्यांना असतात तसे पंख. आणि मी लवकर गार व्हावी म्हणून माझ्यावर समुद्राचं पाणी ओतलं.

तेव्हा माझ्या बुडाशी 'टण्' झालं. केसाएवढी चीर. तापलेल्या बिडावर गार पाणी कधी ओतू नये, हे गुऱ्हाळातल्या कुणालाही माहीत असतं. पण बेटावर गुऱ्हाळवालं कुणी नव्हतं, आणि लाटांच्या आवाजात तो 'टण्' फक्त मला ऐकू आला.

तेर्योला आत पाय मुडपून निजवलं. साल्वा वल्हं घेऊन बसली. कापिताना पदर खोचावा तसा घागरा खोचून पाण्यात उतरली.

"तू कशाला? वजन बघ स्वतःचं!" साल्वा म्हणाली.

"तो शब्द माझ्या तोंडून गेलाय," कापिताना म्हणाली आणि चढली. मी हातभर खाली गेले.

गोल बुडाची वस्तू सरळ जात नाही. बांबू होते तरी प्रत्येक लाटेला मी अर्धी गिरकी घेई. कधी समोर दवाखान्याचा किनारा, कधी समोर सिबारिंग. तेर्यो आभाळाकडे बघत होता. त्याला सगळ्या दिशा सारख्याच. दोघी वल्हवत होत्या आणि भांडत होत्या.

"उजवीकडे, काप!"

"माझी उजवी की तुझी?"

"देवा! समुद्राची!"

मध्यावर साल्वाच्या गुडघ्याला ओल लागली. तिला वाटलं, वरून उडालेलं पाणी असेल. करवंटीने उपसलं. पुन्हा भरलं. मग तिने बोटाने चाचपलं आणि चीर हाताला लागली.

"ही गळतेय."

"गळणार नाही तर काय? भांडं आहे ते!" कापिताना ओरडली आणि तिलाच हुंदका फुटला.

मी चीर आवळून धरली. बीड आवळता येत नाही, मला माहीत आहे. तरी आवळून धरली. माझ्यात कितीतरी गूळ शिजला, कितीतरी माणसं बसली, पण कुणासाठी मी एवढी घाबरले नव्हते. साल्वाने घागऱ्याची किनार फाडून चिरेवर कोंबली आणि तेर्योचा उजवा पाय उचलून टाच त्यावर दाबून ठेवली. त्या पायाला काहीच कळत नव्हतं. ना थंडी, ना लोखंडाची धार. "इथेच ठेव," ती त्याच्या कानात म्हणाली. "हलवू नको. हलवता येत नाही ते आज बरंच आहे." आणि तशीच त्याच्या गालाला गाल लावून जरा वेळ राहिली. कापिताना एकटी वल्हवत राहिली.

किनारा आला तेव्हा लाटेने मला उचललं आणि खडकावर आपटलं. चीर उघडली. पाणी भसाभसा आत आलं. पण तोवर किनाऱ्यावरची माणसं कमरेएवढ्या पाण्यात धावली होती. एका मोडक्या दारावर तेर्योला घातलं आणि पळाले.

"आलात कशातून?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"व्हेसलमधून!" कापिताना पळता पळता म्हणाली.

कुणी वळून पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता. त्यांनी पाहत बसावं असं मलाही वाटलं नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. ओहोटीला शिंपले गोळा करणाऱ्या बायका येतात. परवा एक म्हणाली, "तेर्योला पुरलं गं गुरुवारी. वादळानंतर दवाखान्यात आणला होता तो."

दुसरी म्हणाली, "अरेरे!"

तिसरी म्हणाली, "काहीतरीच! मी त्याला काल पाहिलं, दवाखान्याच्या पायरीवर आंबा खात होता. डाव्या हाताने."

"तो दुसरा तेर्यो असेल."

"नाहीतर पुरला तो दुसरा असेल."

"असेल बाई," पहिली म्हणाली, आणि शिंपल्यांना यंदा कसा भावच नाही, यावर तिघी बोलू लागल्या. या किनाऱ्यावर तेर्यो पैशाला पासरीभर मिळतात. कुठला तेर्यो, हे एकीनेही विचारलं नाही. डाव्या हाताने! ते ऐकून माझं सगळं बीड शहारलं. पण डावखुरी माणसंही असतात.

मित्रांनो, मला घासूपुसू नका. माझी भेग सांधू नका, आतल्या खेकड्यांना हुसकावू नका. माझी एकच विनवणी आहे. कुणी घाईत, घाबरून तुमच्याकडे काही मागितलं, तर धावण्याआधी एकदा विचारा, कुठलं? त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा प्रत्येकाकडे असतो. आणि तुमच्यापैकी कुणी दवाखान्याकडे जाणार असेल, तर तिथेही विचारा, कुठला तेर्यो? ज्याची बायको लहानखुरी आहे आणि मोठ्या चपला घालते, तो का?

उत्तर मिळालं की इथे येऊन मला जोरात सांगा. ओहोटीलाच या. भरतीत मी पाण्याखाली असते, नीट ऐकू येत नाही.