मोरीच्या घशात अडकलेलं

माझ्या मुलीचं, उज्वलाचं, लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. त्याच वर्षी जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाची, सयाजीची, मोरी गाय आजारी पडली. दिघ्यात डोंगराच्या पायथ्याशी त्याचा गोठा होता. मोरी वैरण तोंडात धरायची, पण गिळायची नाही. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"पिशवी अडकली असंल," सयाजी म्हणाला. इकडच्या गाई उकिरड्यावरचं प्लास्टिक खातात, त्यामुळे सगळ्यांना तेच वाटलं. मी जबडा धरला, त्याने कोपरापर्यंत हात आत घातला. कडबा तोडताना त्याची बोटं चिरली होती. घशात काहीच सापडलं नाही. मग मोरी हंबरली, तर आवाज पार घोगरा.

"पुढारी झाली का काय? घसा बसलाय," शेजारचा कोंडिबा म्हणाला. आम्ही हसलो.

दुसऱ्या दिवशी तिचे मागचे पाय लटपटू लागले, तरी ती खांबाला धडका देत होती. जनावरांच्या डॉक्टर बाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"हिला कुत्रं चावलं होतं का?"

"शिमग्यात," सयाजीची बायको सत्यभामा म्हणाली. "हळद भरली होती की."

"आणि तोंडात हात कुणी घातला?"

सयाजीने चिरलेली बोटं पुढे केली. बाईंनी आम्हा दोघांना साबणाने हात धुवायला लावले आणि तडक दवाखान्यात पाठवलं. म्हणाल्या, "लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, तेव्हा आधी रेबीजची शंका घ्यायची. हात घालायचा नाही."

मोरी मेली. मी सगळी इंजेक्शनं घेतली. सयाजीने पहिलं घेतलं आणि पुढच्याला अडून बसला.

"आण्णा, कुत्रं मला कुठं चावलंय? मी काय भुंकतोय व्हय?"

"सया, गप चल."

"माज्या वाटणीचं तुमीच घ्या."

मी ओरडलो, सत्यभामाने हात जोडले. तो ऐकेना.

मग रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे जायचो. तो तांब्या तोंडाला लावायचा आणि मी त्याच्या गळ्याकडे बघत बसायचो. पाणी खाली उतरलं की जिवात जीव यायचा. सत्यभामाही हातातलं काम थांबवून बघायची. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

ऑगस्टमध्ये त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. नागपंचमीला सत्यभामाने पाणी दिलं. त्याने तांब्या ओठापर्यंत नेला आणि त्याचा गळा आवळून आला. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तो माझ्याकडे बघत राहिला.

माझा भाऊ सयाजी १३ ऑगस्ट २०२४ रोजी दवाखान्यात वारला.