सासूबाईंच्या मांडीवरून पाहिलेली शर्यत

कंबरपट्टा म्हटलं की लोकांना सोन्याचा आठवतो. मी तो नव्हे. मी दुखऱ्या कमरेचा पट्टा बोलतोय. जाड कापड, पाठीशी ताठ पट्ट्या आणि पुढे चर्रकन आवाज करणारं वेल्क्रो, एवढाच माझा देह. औषधांच्या दुकानात खोक्यात पडून होतो. कुणाला दुखल्याशिवाय आमची सुटका नाही, म्हणून सुटकेसाठी देवाला हात जोडायचीही चोरी.

मला नेलं एका परिचारिकेनं. बाई पन्नाशी ओलांडलेली. अवजड रुग्णाची कूस बदलताना तिच्या मणक्याची चकती सरकली. इतरांना धरून उठवणारी ती आता स्वतः कॉटचा कठडा धरून उठू लागली. वॉर्डात, बसमध्ये, ओट्याशी मी तिला घट्ट धरून असायचो.

दुखणं जरा ओसरल्यावर डॉक्टरांनी पोहायला सांगितलं.

"या वयात?" सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी चप्पल घालून त्याच आधी दारात. "तुला एकटीला पाठवून माझा जीव घरी थोडाच राहणार आहे?"

तलावाच्या पाण्यात मला प्रवेश नाही. ती उतरली की मी सासूबाईंच्या मांडीवर.

हळूहळू तिला पाण्याची गोडी लागली. शिकवणाऱ्या सरांनी प्रौढांच्या स्पर्धेत नाव घालायचं सुचवलं. डॉक्टर म्हणाले, "करून बघा. पण पाठीला झटका बसला, तर पोहणं कायमचं बंद."

"उताणं पोहा," सर म्हणाले. "त्यात सगळेच पाण्यातूनच सुरुवात करतात, उडी मारायची नसते."

"पण सर, मागची भिंत दिसत नाही. डोकं आपटलं तर?"

"भिंतीच्या थोडं आधी वर झेंड्यांची दोरी दिसेल. तिथून भिंतीपर्यंत किती हात मारले, ते मोजायचे."

मोजण्यावर तिचा काही भरवसा बसेना. मग सासूबाईंनीच तोड काढली. मला घेऊन त्या भिंतीच्या टोकाशी बसू लागल्या. ती जवळ आली की हाक द्यायच्या, "आलीस गं!"

"आजी, अशानं त्या मोजायला कधी शिकणार?" सर म्हणाले.

"तुम्ही मोजा. सून माझी आहे, मी हाक मारणार."

स्पर्धेच्या दिवशी मात्र काठावर नातेवाइकांना मज्जाव. आम्ही वर गॅलरीत. तिनं छान सुरुवात केली, दोघींना मागे टाकलं. झेंड्यांखाली आली तशी सासूबाईंनी जीव खाऊन हाक मारली. शिट्ट्या-टाळ्यांत ती कुठे पोचणार? तिचे हात मंदावले. ती हाकेची वाट बघत राहिली, आणि शेवटी पालथी होऊन, भिंत नीट बघून तिनं हात टेकवला.

पंचांनी हात वर केला.

ती निथळत गॅलरीत आली. "बाद झाले, आई. भिंत बघायची नसते. उताणंच टेकायचं असतं."

"मग भिंत आली हे कळायचं कसं?"

"झेंड्यांवर विश्वास ठेवायचा."

"देवावर रोज ठेवतेस, तो काय दिसतो?" सासूबाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "माझ्या हाकेनंच घात केला गं तुझा."

"तुमच्या हाकेमुळे तर एवढं पोहले." आणि तिला हसू फुटलं. पोट धरून, कमरेत वाकून ती हसत राहिली. माझा जीव खालीवर. माझ्याशिवाय अशी वाकलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"अगं, पट्टा बांध आधी."

"राहू दे तुमच्याकडेच. दुखत नाहीये." आणि पुढची स्पर्धा कधी, ते सरांना विचारायला ती जिना उतरून गेलीसुद्धा.

आता माझं वेल्क्रो झिजलंय. वॉर्डात जास्तीची ड्युटी असली की ती मला बांधते. एरवी मी पिशवीत. माझ्या भावंडांना कमरेला बांधणाऱ्यांनो, डॉक्टर सांगतील तोवर आम्हाला बांधा. पण आमच्यावाचून चालण्याची आशा सोडू नका. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. कुणी बरं होऊन आपल्याला विसरावं, याहून मोठं पुण्य कुठलं?

सासूबाईंनी आता व्रत धरलंय: ती पाण्यात असेपर्यंत मौन. फार कठीण जातं त्यांना. ती झेंड्यांखाली आली की सगळ्या हाका माझ्यावर निघतात; मला अशा आवळतात की शिवण उसवावी. आज सकाळीही आवळलं. ओठ गच्च मिटलेले. तिनं एक हात टाकला, आणखी एक, आणि वर बघत बघतच तिची बोटं भिंतीला टेकली.