दर्यामृताने काय मारलं?

देवबागच्या किनाऱ्यावर सारा गाव लोटला होता. मधोमध दर्यानाथ महाराज. त्यांनी भगव्या रुमालानं रुक्मिणीबाईंचा हात पुसला आणि रुमाल पाण्याच्या पेल्यात बुडवला. पाणी तपकिरी झालं.

"पाहा, माउली! एका हातावर कोटी कोटी जंतू! आता हे दर्यामृत. ॐ निर्जंतू स्वाहा!"

थेंब पडले आणि पाणी नितळ झालं. टाळ्यांचा कडकडाट!

मी इथल्या आरोग्य केंद्रातली डॉक्टर. रुक्मिणीबाई मासे विकायच्या. शिंगाळा माशाचा काटा लागून त्यांचा अंगठा फाटला होता, त्यात मधुमेह. माझ्याकडे ड्रेसिंगला यायच्या, त्या येईनाशा झाल्या. मी घरी गेले, तर त्या महाराजांकडून विकत घेतलेल्या बाटलीतलं दर्यामृत जखमेवर ओतत होत्या.

"तुमच्या औषधान आग होता, डॉक्टरबाई. ह्येच्यान कायच होणा नाय."

"काहीच होत नाही, हेच तर माझं म्हणणं!"

"जंतू मेलेले मी माज्या डोळ्यांनी बगलंय!"

नवरा सहदेव मान डोलवत होता.

मी दर्यामृताची एक बाटली घेऊन सरकारी औषध कचेरीत गेले. साहेब म्हणाले, "यावर 'पूजाजल' लिहिलंय, औषध नव्हे. पकडायचं कसं? नमुना पाठवतो." अहवाल आलाच नाही. शेवटी कॉलेजातल्या मैत्रिणीनं प्रयोगशाळेत जंतूंवर ते पाणी ओतून पाहिलं. साध्या पाण्यात जगले तेवढेच जंतू दर्यामृतातही जगले.

मी पुन्हा रुक्मिणीबाईंच्या घरी धावले, तोवर जखमेचं विष मनगटापर्यंत चढलं होतं. त्यांचा हात कापावा लागला.

महाराज एव्हाना देवबाग सोडून रेडीला पोचले होते. देवबागच्या त्याच किनाऱ्यावर मी लोकांना बोलावलं. ड्रेसिंगचं आयोडीन पाण्यात टाकलं, पाणी तपकिरी झालं. त्यात 'क' जीवनसत्त्वाची गोळी चुरून टाकली, पाणी नितळ.

"जंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. तो रंग आयोडीनचा होता, भगव्या रुमालात लपलेला. दर्यामृतात असलीच गोळी विरघळवलेली. तिनं रंग जातो, आयोडीनची ताकदही जाते. महाराजांनी जंतू मारलेच नाहीत. जंतू मारणारं औषध तुमच्यादेखत मारलं!"

मग म्हातारी गंगू पुढे आली, हात जोडून म्हणाली, "म्हंजे तुमच्याकडे पण सिद्धी आसा मगे!"

मला रडू आवरेना. "हात जोडू नका, आजी. प्रश्न विचारा. जंतुनाशक रंगावरून पारखत नाहीत, जंतूंवरच पारखतात. बाटली विकणाऱ्याला विचारा, हे कुणी तपासलं? कशावर?"

सहदेव पेल्यातल्या नितळ पाण्याकडे बघत बसला होता.

"आता कोणाक इचारू, बाई?" तो म्हणाला.